बेडकांची वंशावळ आणि सातपुड्याची वाट

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी नावाचे गाव आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापी आणि मधे काळ्या मातीची सपाट शेते. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की अशा गावात रात्री एवढा गलका सुरू होतो की झोप लागू नये. कान देऊन ऐकले तर तो एकच आवाज नसतो. खोल, घोगरे 'डरांव' वेगळे, न थांबता चाललेली 'कुर्रर्र' वेगळी, आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या बेडकाने काढलेला, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आवाज आणखी वेगळा.

वर्गात आपण 'बेडूक हा उभयचर वर्गातला प्राणी' असे एका वाक्यात सांगून पुढे जातो. हे वाक्य बिनधोक लिहिता यावे म्हणून प्राणिशास्त्राला पाऊणशे वर्षे खर्चावी लागली. त्यानंतरही वर्गीकरण थांबले नाही. ते कप्प्यांकडून वंशावळीकडे वळले, आणि त्या वंशावळीचा एक वाद थेट ब्राह्मणपुरीच्या उत्तरेला दिसणाऱ्या डोंगरापाशी येऊन पोचला. या लेखात ती हकीकत सांगायची आहे.

आपल्याकडचे बेडकांचे सर्वांत जुने 'वर्गीकरण' ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले मंडूकसूक्त मानायला हरकत नाही. त्यात गाईसारखा हंबरणारा, शेळीसारखा ओरडणारा, ठिपक्यांचा आणि हिरवा असे बेडूक वेगवेगळे ओळखलेले आहेत. दोन प्रकार आवाजावरून आणि दोन रंगावरून. रचणाऱ्याने डबक्याकाठी बसून ऐकलेले होते, यात शंका नाही. युरोपातल्या विद्वानांपुढे मात्र बेडूक आला तो बहुधा बाटलीत, स्पिरिटमध्ये बुडालेला. त्याला आवाज नव्हता आणि रंगही उडालेला होता.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांची जी मांडणी केली, तिच्यात 'अँफिबिया' हा वर्ग आहे. पण तो आजचा उभयचर वर्ग नव्हे. त्यात कासवे, पाली, मगरी आणि साप तर होतेच, शिवाय शार्क, पाकट यांसारखे मासेही होते. युरोपातला सॅलॅमँडर त्याने सरड्यांच्या प्रजातीत घातला. (या लेखात 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस.) बेडूक, भेक आणि झाडावरचे बेडूक हे सारे 'राना' या एकाच प्रजातीत कोंबले. या वर्गाबद्दल त्याला मनस्वी किळस होती आणि ती त्याने लपवलेली नाही. वनस्पतींच्या फुलांतले पुंकेसर मोजताना दाखवलेली चिकाटी इथे दिसत नाही, ती का, याचे उत्तर कदाचित या किळसेतच असेल.

फ्रान्सच्या अलेक्झांडर ब्रोंनियारने १८०० साली सरपटणाऱ्या प्राण्यांचे चार गट केले आणि बेडूक-सॅलॅमँडरांना त्यांतला एक स्वतंत्र गट दिला. पुढच्या पंचवीस वर्षांत ब्लॅनव्हिल आणि लात्रेय या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्या गटाला वर्गाचा दर्जा दिला. खवले नसलेली ओलसर त्वचा, कवच नसलेली अंडी, आणि कल्ल्यांनी श्वास घेणारे पिल्लू ही त्यांची ओळख ठरली. आपण आज शाळेत सांगतो ती लक्षणे हीच.

या मांडणीची खरी परीक्षा घेतली ती एका गांडुळासारख्या दिसणाऱ्या प्राण्याने. मराठीत त्याला देवगांडूळ म्हणतात. पाय नाहीत, शेपूट जवळजवळ नाही, डोळे त्वचेखाली दडलेले, अंगावर गांडुळासारखी कडी. लिनियसने त्याला सापांत घातले होते, आणि वरवर पाहता त्यात चूक काढणे अवघड आहे. जर्मनीच्या मायकेल ओपेलने १८११ साली शरीररचनेवरून त्याला बेडकांच्या शेजारी बसवले, पण सगळ्यांना ते पटले नाही. साप नाही म्हणायचे तर पुरावा काय? पुरावा १८३१ साली मिळाला. योहानेस म्यूलर हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ लायडनच्या संग्रहालयातल्या बाटल्या पाहत होता. इक्थिओफिस या देवगांडुळाच्या एका लहान पिल्लाच्या मानेवर त्याला कल्ल्यांच्या फटी दिसल्या. सापाच्या पिल्लाला अशा फटी कधीच नसतात. मोठेपणी फसवणाऱ्या प्राण्याने लहानपणी आपली जात सांगून टाकली होती.

शिक्षकांनी या प्रसंगावर थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. वर्गीकरण म्हणजे प्रौढ प्राण्याचे रूप पाहून कप्पा ठरवणे नव्हे, त्याचे सबंध आयुष्य पाहावे लागते, हे म्यूलरच्या त्या बाटलीने दाखवले. पुढे १८८० च्या दशकात पाउल आणि फ्रिट्झ सारासिन यांनी श्रीलंकेत जाऊन इक्थिओफिसची मादी ओल्या मातीत आपल्या अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि पिल्ले नंतर पाण्यात उतरतात हे पाहिले. उरलेल्या शंकाही तिथे संपल्या.

देवगांडूळ आपल्याकडे परके नाहीत, फक्त दिसत नाहीत. खंडाळ्याच्या नमुन्यांवरून एडवर्ड टेलरने १९६० साली 'इंडोटिफ्लस बॅटर्सबायी' ही जाती वर्णिली. २००३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून 'गेजेनिओफिस शेषाचारी' आणि आंबोलीच्या नमुन्यांवरून 'गेजेनिओफिस डॅनिएली' अशी आणखी दोन नावे आली. पहिले म्हैसूरकडचे देवगांडुळांचे अभ्यासक बी. आर. शेषाचार यांच्या स्मरणार्थ, दुसरे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतल्या जे. सी. डॅनिएल यांच्या सन्मानार्थ. आणि २००८ मध्ये डेव्हिड गॉवर, वरद गिरी, महेश धारणे व योगेश शौचे यांनी जाहीर केले की शेषाचारी ही जाती अंडी घालतच नाही, पिल्ले घालते. पिल्ले घालणारा आशियातला हा पहिला ज्ञात उभयचर. तो सापडला कोकणातल्या लाल मातीत. आता 'कवच नसलेली अंडी' हे वाक्य वर्गात सांगताना जरा जपून सांगावे लागेल!

तिसऱ्या गणाबद्दल, म्हणजे शेपटी राखणाऱ्या सॅलॅमँडरांबद्दल, मराठी वाचकाला सांगण्यासारखे थोडेच आहे. ते महाराष्ट्रात नाहीत. भारतात ते दार्जिलिंगपासून पूर्वेकडच्या डोंगरांत मिळतात. दार्जिलिंगच्या सॅलॅमँडराला पूर्वी युनानमधल्या जातीचे नाव होते, २०१५ पासून त्याला 'टायलोटोट्रायटन हिमालयानस' म्हणतात. पण पूर्व हिमालयात सॅलॅमँडर आहेत आणि सह्याद्रीत एकही नाही ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

जगात आज साडेआठ हजारांहून अधिक उभयचर जाती ज्ञात आहेत. त्यांतले देवगांडूळ दोनशेच्या थोडे वर, सॅलॅमँडर आठशेच्या आसपास, बाकी सारे बेडूक आणि भेक. त्यामुळे वर्गीकरणाची खरी डोकेदुखी बेडकांचीच. बाहेरून सगळे सारखे: मोठे डोके, मान नाही, लांब मागचे पाय. मग आत पाहावे लागले. अमेरिकेच्या एडवर्ड कोपने अंसमेखलेकडे लक्ष वेधले. भेकाच्या छातीत तिचे दोन भाग मधोमध एकमेकांवर चढलेले असतात, बेडकात ते जुळून घट्ट झालेले असतात. या व अशा खुणांवर जॉर्ज बूलेंजरने १८८२ मध्ये लंडनच्या संग्रहालयातल्या बेडकांची यादी आणि १८९० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरीसृप-उभयचरांचा ग्रंथ तयार केला. बूलेंजर अतिशय कष्टाळू माणूस होता, पण भारतातल्या बहुतेक पाणबेडकांना त्याने राना प्रजातीतच ठेवले. ते नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत पुढे शंभर वर्षे टिकले. ज्यांनी महाविद्यालयात मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून 'राना टायग्रिना' फाडला, त्यांना वेगळे सांगायला नको.

मुंबई इलाख्यातल्या बेडकांकडे नीट पाहिले ते नेल्सन अॅनंडेलने. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा तो पहिला संचालक. त्याचा १९१९ सालचा लेख मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांवरच्या बेडकांविषयी आहे. सह्याद्रीतल्या एका लहानशा बेडकाला त्याने सह्याद्रीचेच नाव दिले, पण स्वतंत्र जाती म्हणून नव्हे. १८२९ मध्ये जावा बेटावरून वर्णिलेल्या 'राना लिम्नोकॅरिस' या जातीचा हा एक प्रकार, एवढेच त्याने म्हटले. साताऱ्याचा बेडूक जावाच्या बेडकाचा भाऊ कसा, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणाला टोचला नाही.

टोचायला हवा होता, कारण मुंबईतच एक इशारा मिळालेला होता. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या खडकात, लहान लहान बेडकांचे जीवाश्म सापडले होते. रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांना 'राना पुसिला' असे नाव दिले. दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळातले, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, हे बेडूक. १९३० साली न्यूयॉर्कच्या जी. के. नोबलने ते नमुने पुन्हा तपासले, हाडे एकेक करून पाहिली, आणि हे राना नव्हेतच असे सांगितले. त्याने 'इंडोबॅट्रॅकस' ही नवी प्रजाती केली आणि तिचे नाते ऑस्ट्रेलियाकडच्या बेडकांशी लावले. या नात्याबद्दल पुढे अनेकांनी शंका घेतल्या आहेत. पण प्रश्न योग्य होता: मुंबईचा बेडूक जर उत्तरेकडून आला नसेल, तर कुठून आला?

त्याच काळात उलट दिशेचा विचारही चालू होता. सुंदरलाल होरा हे प्राणी सर्वेक्षण संस्थेतले माशांचे नामवंत अभ्यासक. डोंगरी ओढ्यांच्या वेगवान पाण्यात खडकाला चिकटून राहणारे चपटे मासे पूर्व हिमालयात आणि मलायात आहेत, आणि मधला सगळा सपाट प्रदेश ओलांडून सह्याद्रीतही आहेत. ते कसे आले? होरा यांनी १९४० च्या दशकात उत्तर दिले: सातपुड्यावरून. पूर्वी हवामान जास्त ओले असताना विंध्य-सातपुड्याच्या रांगेवर बारमाही ओढे होते. त्या वाटेने हे प्राणी पूर्वेकडून पश्चिमेला सरकत आले आणि रांग संपते तिथे तापीचे खोरे ओलांडून सह्याद्रीत उतरले. १९४९ साली या 'सातपुडा सिद्धांता'वर मोठी चर्चा झाली. नकाशा उघडून पाहावा. पूर्वेकडून आलेली ही वाट ज्या टोकाशी दक्षिणेला वळायची, ते टोक म्हणजे आजचा नंदुरबार जिल्हा. तोरणमाळच्या पठारावरून दिसणारे तापीचे खोरे म्हणजे या प्रवासातला शेवटचा उतार. सिद्धांत माशांसाठी मांडलेला होता, पण डोंगरी प्राण्यांच्या वाटणीचे कोडे जिथे जिथे पडले तिथे तो किल्लीसारखा वापरला जाऊ लागला.

इथे वर्गीकरणाचे महत्त्व कळते. सह्याद्रीचा बेडूक आणि मलायाचा बेडूक दोघेही 'राना' असतील, तर ते भाऊ आहेत आणि वाट शोधलीच पाहिजे. पण दोघांना एक नाव केवळ सवयीने दिलेले असेल, तर नसलेल्या प्रवासासाठी आपण वाट बांधत बसलो असे होईल.

नावांची तपासणी सुरू झाली ती पॅरिसच्या अलेन द्युब्वापासून. १९९२ पर्यंत त्याने राना या अजस्र प्रजातीचे तुकडे केले, आणि पाठ्यपुस्तकातला राना टायग्रिना 'होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' झाला. पावसाळ्यात लिंबासारखा पिवळा होणारा आणि गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवणारा तो हाच. २००६ साली आपला घराघरातला भेक 'बुफो'तून निघून 'डटाफ्रायनस' झाला, हे नाव ओडिशाचे उभयचरतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्यावरून. शिक्षक वैतागतात, आणि त्यांचा वैताग आम्हाला समजतो. परंतु ही नावे कोणाच्या लहरीने बदलत नव्हती. आता हाडांच्या जोडीला डी.एन.ए. होता, आणि कोण कोणाचा भाऊ हे मोजता येऊ लागले होते. अॅनंडेलचा तो सह्याद्रीचा बेडूकही जावाच्या भावकीतून बाहेर पडला. २०१८ साली दक्षिण आशियातले हे सगळे बेडूक 'मिनर्वार्या' प्रजातीत गेले. खानदेशातल्या शेतात पाय टाकताच टणकन उडणारे लहान बेडूक याच प्रजातीतले.

डी.एन.ए.ने सातपुड्याच्या वाटेचे काय केले? पुष्कळ उलथापालथ केली. २००१ साली फ्रँकी बॉस्युट आणि मिशेल मिलिंकोविच यांनी दाखवले की बेडकांची काही घराणी भारताच्या भूखंडावर स्वार होऊन दक्षिणेकडून आली आणि भारत आशियाला धडकल्यावर इथून आशियात पसरली. म्हणजे प्रवास झाला, पण उलट दिशेने. इक्थिओफिस देवगांडुळांबद्दल २००२ साली हेच निघाले: ते मलायातून आले नाहीत, भारतातून तिकडे गेले. २००३ मध्ये केरळातल्या इडुक्कीच्या जांभळ्या बेडकाला एस. डी. बिजू आणि बॉस्युट यांनी 'नासिकाबॅट्रॅकस' असे नाव दिले. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत, आणि दोघांची ताटातूट दहा कोटी वर्षांहून जुनी आहे. २०१२ साली ईशान्य भारतात 'चिकिला' हे देवगांडुळांचे नवे कुलच सापडले. नाव गारो भाषेतले, नातेवाईक आफ्रिकेत. सह्याद्रीत सॅलॅमँडर का नाही हेही यातून उलगडते. सॅलॅमँडर उत्तरेकडच्या खंडांचे रहिवासी, दक्षिणेकडून तरंगत आलेल्या भारतावर ते नव्हतेच, आणि नंतर पूर्व हिमालयापर्यंत पोचले ते पुढे सरकले नाहीत. सातपुड्याची वाट सर्वांसाठी सताड उघडी असती, तर एखादा तरी सॅलॅमँडर महाबळेश्वरला भेटायला हवा होता.

तरीही होरा यांना निकालात काढणे आम्हाला योग्य वाटत नाही. २००९ साली इनेस व्हॅन बॉक्सलेअर आणि सहकाऱ्यांनी भेकांची वंशावळ तपासली तेव्हा भारतातल्या भेकांचे पूर्वज बाहेरून आत आल्याचे दिसले. म्हणजे गाव तोच, पण काही कुटुंबे मूळची, काही बाहेर जाऊन नांदणारी आणि काही पाहुणे म्हणून येऊन स्थायिक झालेली. एकाच वाटेने सगळ्यांचा इतिहास सांगता येईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

अशा एका पाहुण्याची कथा महाराष्ट्रातली आहे. पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६३ साली कोयना भागातला एक भेक 'बुफो कोयनायेन्सिस' म्हणून वर्णिला. पुढे चार दशके तो बुफोंच्या गर्दीत एक म्हणून पडून राहिला. २००९ मध्ये आंबोलीच्या पठारावर त्याचा भाऊबंद सापडला, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. दोघांसाठी 'झँथोफ्रायनी' ही नवी प्रजाती करावी लागली. ही प्रजाती जगात सह्याद्रीखेरीज कुठेही नाही, आणि आंबोलीची 'झँथोफ्रायनी टायगेरिना' अतिसंकटग्रस्त यादीत आहे. कड्यावरच्या खडकातल्या ओंजळभर पाण्यात ती अंडी घालते. रस्त्यावरच्या वाहनांखाली आणि पर्यटकांच्या पायांखाली जगातली सबंध जाती येऊ शकते, हे नाव मिळाल्यावरच कळले.

नाव कायद्यालाही लागते. १९७० आणि ८० च्या दशकांत भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात जोरात होती. १९८५ साली टायगेरिना आणि हेक्झाडॅक्टिला या दोन जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. या बंदीसाठी मुंबईचे हुमायून अब्दुलअली यांनी नेटाने प्रयत्न केले होते. त्यांच्या नावाचा 'निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी' हा बेडूक १९५५ पासून सह्याद्रीत ओळखला जातो. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत बेडकांची नोंद होती ती 'राना' या नावाने. शास्त्रज्ञांनी राना मोडून टाकल्यावर संरक्षण नेमके कोणाला, असा प्रश्न उभा राहिला. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचीच नव्याने लिहिल्या गेल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत ८,०११ उभयचर जातींपैकी सुमारे ४१ टक्के धोक्यात आढळल्या. ही मोजणी नाव असलेल्यांची आहे.

वर्गीकरणात आवाजही परत आला आहे. नर फक्त आपल्या जातीच्या मादीला बोलावतो, म्हणून दिसायला सारख्या दोन जाती आवाजाच्या आलेखावरून वेगळ्या करता येतात. मंडूकसूक्ताच्या कर्त्याला हे ऐकून आनंद झाला असता. यासाठी आज प्रयोगशाळा लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या कोणत्याही शाळेत अकरावीच्या विद्यार्थ्यांना जून ते ऑगस्ट हे काम देता येईल: एकच डबके ठरवायचे, आठवड्यातून एकदा रात्री आठ वाजता मोबाइलवर पाच मिनिटे आवाज नोंदवायचा, तारीख, पाऊस आणि हवेचे तापमान लिहायचे. कोणता आवाज पहिल्या पावसाबरोबर आला, कोणता दोन आठवड्यांनी गप्प झाला, हे वहीत आपोआप दिसू लागते. बेडूक पकडायची गरज नाही. हाताळावाच लागला तर हात पाण्याने ओले करून घ्यावेत, कारण त्याची त्वचा श्वासही घेते. आणि एका डबक्यातला बेडूक दुसऱ्या डबक्यात मुळीच सोडू नये. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी, जिला १९९९ मध्ये नाव मिळाले आणि जिने अमेरिका-ऑस्ट्रेलियात बेडकांच्या अनेक जाती नाहीशा केल्या, ती पश्चिम घाटातल्या बेडकांवरही आढळलेली आहे, आणि पाण्यातून पसरते.